महाद्वार घाटावरची पंगत

सर्वपित्री अमावास्या. सकाळचे साडेसहा. पंढरपूरच्या महाद्वार घाटाच्या पायऱ्या ओल्या आहेत आणि कावळे आधीच जागा धरून बसले आहेत. उजनीतून पाणी सोडल्यामुळे चंद्रभागा फुगलेली आहे. वाळवंटाचा बराचसा भाग पाण्याखाली गेलाय, पुंडलिकाच्या देवळाला चहूकडून पाणी आहे. कडेला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतायत. एका होडीच्या या टोकाला एक कावळा, त्या टोकाला दुसरा, वर तारेवर रांगच. मानेभोवती करडा पट्टा असलेले हे गावकावळे. डोमकावळ्यांची जोडी मात्र लांब, वरच्या वाड्याच्या पत्र्यावर आहे. अंगाने थोराड, नखशिखांत काळी, जाड चोचीची. त्यांचा आवाजही खर्जातला.

अजून एकही पान वाढलेलं नाही, तरी हजेरी पूर्ण आहे. पंधरवडाभर याच वेळेला याच पायऱ्यांवर भात पडतो, हे त्यांनी केव्हाच हेरलंय.

"आज ह्यांचा भाव बघा," तीळ, दर्भ आणि पत्रावळ्या घेऊन बसलेली मावशी म्हणते. "पंधरा दिस झालं खात्यात. आज खीर ठिवा न्हाईतर वडं ठिवा, नुसतं बघून उडत्यात."

तासाभरात तिचं म्हणणं खरं ठरतं. माणसं येऊ लागतात. कुणी घरी जेवण करून पान घेऊन आलंय, कुणी गुरुजींना बसवून इथेच सगळं करतंय. पानावर भात, वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. पहिल्या चार पानांवर कावळे तुटून पडतात, पण तिथेही निवड चाललेली दिसते. आधी वडा. मग खिरीतला भात. गवारीला कुणी विचारत नाही. सातव्या-आठव्या पानापर्यंत नुसता वडा उचलून बाकीचं सोडून देणं सुरू होतं. पान ठेवणारा माणूस "काव काव" करत उभा आणि कावळा तारेवर चोच घासत बसलेला.

माझ्या शेजारच्या पायरीवर पांढऱ्या सदऱ्यातले एक काका बसलेत. मुलाला मोबाइलवरचा मजकूर वाचून दाखवतायत. भाद्रपदात कावळ्याची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात, त्यांना अन्न मिळावं म्हणून ऋषींनी हा पंधरवडा नेमला. आणि कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय वड-पिंपळाचं बी रुजतच नाही. मजकूर दरवर्षी या दिवसांत फिरतो. मला तो ऐकवत नाही, कारण त्याचा खोटेपणा समोर होडीच्या काठावर बसून ओरडतोय. तिथे यंदाचं पिल्लू आहे. पण पिल्लू कसलं, आईएवढंच झालंय. पंख फडफडवत तोंड वासतं तेव्हा आतला लालसर गुलाबी रंग दिसतो, एवढीच त्याच्या वयाची खूण. आपल्याकडे गावकावळ्याची घरटी साधारण एप्रिल ते जुलै या काळात होतात. म्हणजे पितृपंधरवडा येईतो पिल्लं उडायला लागून बरेच दिवस झालेले असतात. आता घास मागणं ही निव्वळ सवय आहे. आईही ते ओळखून असावी, ती पाठ फिरवून बसलीय. वड-पिंपळाची फळं तर बुलबुल, साळुंकी, हरियल, वटवाघळं असे कितीतरी जण खातात आणि बी दूरवर टाकतात. कावळा त्यांच्यातला एक. त्याचं काम मोठं आहेच, ते सांगायला खोट्याचा आधार कशाला हवा?

एक म्हातारासा कावळा आज मला सगळ्यांत जास्त आवडतो. त्याच्या शेपटीतली दोन पिसं गळालेली आहेत. कुणीतरी टाकलेला ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा तुकडा त्याच्या वाट्याला आलाय. तुकडा कडक आहे. तो चार-दोन वेळा चोच मारून बघतो, सोडतो, मग उचलून थेट शेवटच्या पायरीवर जातो. जिथे पाणी पायरीला चाटून जातं तिथे तुकडा बुडवतो, बाहेर काढतो, दाबून बघतो, पुन्हा बुडवतो. भाकरी मऊ झाल्यावर सावकाश खातो. शेजारी एक आजी बोटभर पाणी तोंडात घेऊन तीर्थ घेतायत. दोघांनाही एकमेकांची अडचण नाही.

पत्र्यावरची डोमकावळ्यांची जोडी एवढा वेळ नुसती बघत होती. आता त्यातला एक उतरतो. गावकावळे कुरकुरत बाजूला होतात. तो दोन वडे एकदम चोचीत धरतो आणि वाड्याच्या पडक्या भिंतीकडे जातो. तिथे फटीत एक वडा कोंबतो, वर वाळलेलं पान ओढतो. मग मान वर करतो. तारेवरचा एक गावकावळा त्याच्याकडेच बघतोय. डोमकावळा क्षणभर थांबतो, पान बाजूला करतो, वडा काढतो आणि भिंतीपलीकडे, तारेवरून दिसणार नाही अशा बाजूला निघून जातो.

हे बघताना केंब्रिजचा एक प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही. नेथन एमरी आणि निकोला क्लेटन यांनी 2001 मध्ये कावळ्याच्याच कुळातल्या, अमेरिकेतल्या स्क्रब-जे या निळ्या पक्ष्यांवर तो केला होता. खाऊ लपवताना दुसरा पक्षी बघत असेल, तर नंतर एकांत मिळताच हे पक्षी खाऊ काढून नव्या जागी लपवत. गंमत पुढेच आहे. ज्यांनी स्वतः कधी दुसऱ्याचा साठा चोरला होता, तेच अशी जागा बदलत. ज्यांनी चोरी केलेली नव्हती, त्यांना ही शंका शिवतच नसे. चोराच्या मनात चांदणं, हे आपल्याकडे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं, पण ते पक्ष्यालाही लागू पडतं हे कुणी तपासलं नव्हतं. पडक्या भिंतीमागे गेलेल्या त्या डोमकावळ्याने पूर्वी काय काय केलं असेल, याचा अंदाज आता बांधता येतो.

नऊ वाजून गेलेत. घाटाच्या एका कोपऱ्यात श्राद्धापेक्षा वेगळी गर्दी आहे. दशक्रिया चाललीय. मुलांची डोकी भादरलेली, दर्भावर भाताचे पिंड. पंधरा-वीस माणसं अर्धगोल करून उभी आहेत, पिंडापासून जेमतेम दोन हातांवर. एक पोरगा मोबाइल समोर धरून चित्रीकरण करतोय. गुरुजी दोनदा सांगतात, "जरा मागं सरा." कुणी सरत नाही. कावळे समोरच्या कठड्यावर आहेत. येतात, डोकं तिरकं करून एका डोळ्याने बघतात, परत जातात.

"तात्या, धाकट्याचं शिक्षण करतो, काळजी करू नका," थोरला मुलगा म्हणतो. कावळा जागचा हलत नाही.

"पोरीचं लगीन थाटात करू," चुलते म्हणतात. काही नाही.

बायकांमधून कुजबुज सुरू होते. गुरुजींनी दर्भाची काडी हातात घेतलीय. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायचा, ही सोय शास्त्रात आहेच. तेवढ्यात मागे बसलेली म्हातारी, म्हणजे तात्यांची मंडळी असणार, डोक्यावरचा पदर सावरत म्हणते, "म्हशीचं बोला की त्यास्नी. म्हस इकायचं चाललंय घरात, ते काय ठावं न्हाई व्हय त्यास्नी?"

थोरला गप्प होतो. मग दोन्ही हात जोडून वाकतो. "तात्या, म्हस इकत न्हाई. तुमच्या दावणीलाच ऱ्हाईल." त्याच्याबरोबर सगळे वाकतात. पोराचा मोबाइलही खाली जातो.

कठड्यावरून एक गावकावळा आडव्या उड्या मारत येतो, भाताला चोच लावतो, एक घास उचलतो आणि उडतो.

"शिवला! शिवला!" रडणं आणि हसणं एकदमच फुटतं.

मी काय पाहिलं ते सांगतो. म्हशीचा शब्द निघाला आणि त्याच क्षणी चाळीस डोळे पिंडावरून आणि कावळ्यावरून हटून जमिनीकडे गेले. मोबाइलचं भिंगही खाली गेलं. युरोपात जॅकडॉ नावाचा लहान चणीचा कावळा असतो. त्याच्यावर प्रयोग करून ऑगस्टे फॉन बायर्न आणि एमरी यांनी 2009 मध्ये दाखवलं, की समोरचा अनोळखी माणूस खाण्याकडे बघत असेल तर हा पक्षी ते घ्यायला बराच कचरतो. माणसाची नजर वळली की लवकर येतो. अमेरिकेतल्या कावळ्यांवर 2013 मध्ये झालेल्या अभ्यासातही चालत येणारा माणूस थेट बघत असेल तर ते आधी उडतात, असं आढळलं. आपल्या गावकावळ्यावर असा काटेकोर प्रयोग माझ्या वाचनात नाही, पण घाटावर बसून जे दिसतं ते याहून वेगळं नाही. नवी वस्तू, चकाकणारा मोबाइल, घट्ट कोंडाळं आणि रोखलेल्या नजरा. अशा ठिकाणी शहाणा पक्षी उतरत नाही.

हे मी त्या माणसांना सांगत नाही. सांगायचं कारणही नाही. कावळ्याच्या निमित्ताने चारचौघांत दिलेला शब्द आता मोडता येणार नाही आणि पंढरपुरी म्हैस दावणीला राहणार आहे. पाठीपर्यंत गेलेल्या तलवारीसारख्या शिंगांची ही जात सोलापूर-सांगली-कोल्हापूरच्या कोरड्या मुलखात कमी चाऱ्यावरही दूध देते. विकल्यावर तसं जनावर पुन्हा दारात येणं अवघड. तात्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

ऊन चढतंय. चहाच्या गाड्याजवळ अचानक गलका होतो. सात-आठ कावळे एका बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून झेपा टाकतायत. पोरगा टोपी धरून पळतोय. बाकी कुणालाही ते काही करत नाहीत.

"त्यानं उन्हाळ्यात गलोलीनं पिल्लू पाडलं हुतं," होडीवाले मामा सांगतात. "तवापास्नं घाटावर आला की हेच. कापडं बदलून आला तरी वळखत्यात. बरं, ज्यांनी तवा बघितलंबी न्हाई ती कालची पोरंबी आता वरडत्यात."

मामांना मी सिएटलची हकीकत सांगतो. तिथल्या विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी अडकवली आणि सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कुणीही हिंडलं, की कावळे गोंगाट करून मागे लागत. दुसरा, कुणालाही न पकडलेला मुखवटा घातला तर मात्र दुर्लक्ष. ओरडणाऱ्यांची संख्याही वाढतच गेली, त्यात पकडणं झालं तेव्हा जन्मलेही नव्हते असे कावळे होते. मामा शांतपणे ऐकून घेतात.

"मुखवटा कशाला पायजे हुता? ह्या पोराला न्यायचं की तिकडं."

मामांकडे त्यांचं स्वतःचं शास्त्रही आहे. कावळ्याने झाडाच्या शेंड्याला घरटं केलं की दुष्काळ, मधल्या फांद्यांत केलं की पाऊस दणकून. असे लोकसमज गोळा करून मराठी वाचकांपुढे ठेवणारे मारुती चितमपल्ली मूळ सोलापूरचेच. जून 2025 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. घरट्यावरून पावसाचं मान कळतं, हे मी ठामपणे मानत नाही. पण पाऊस तोंडावर आला की घरटं होतं, हे खरं आहे, आणि ते डोळ्यांपुढे ठेवूनच कोकिळा आपला डाव साधते. नर कोकीळ कावळ्यांना चिडवून दूर नेतो, तेवढ्यात मादी घरट्यात अंडं घालून जाते. घाटावरच्या पोराचा चेहरा महिनोन्‌महिने लक्षात ठेवणारा हा पक्षी स्वतःच्या घरट्यातलं परकं पिल्लू मात्र मुकाट भरवतो. हुशारी सगळीकडे सारखी चालत नाही, माणसातही नाही.

दुपारी गोपाळपूरच्या रस्त्याने विष्णुपदाकडे जातो. मार्गशीर्षात विठोबा इथे मुक्कामाला असतो अशी श्रद्धा आहे, तेव्हा इथे वनभोजनाला गर्दी लोटते. आज शुकशुकाट आहे. काठावर म्हशी चरतायत आणि एका म्हशीच्या पाठीवर उभा राहून कावळा तिच्या कानामागची गोचीड उपटतोय. म्हैस कानसुद्धा हलवत नाही. पलीकडच्या झाडीतून टकाचोराची खणखणीत शीळ येते. तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा हा पक्षीही कावळ्याच्याच कुळातला. तो पिंडाजवळ कधी येत नाही, त्याला माणूस लागतच नाही. गावकावळ्याचं तसं नाही. माणसांपासून दूर, रानावनात स्वतंत्रपणे राहणारी गावकावळ्यांची वस्ती जगात कुठे माहीत नाही. आपण जहाजांतून गेलो तिथे तोही गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झांझिबारला नेऊन सोडलेले गावकावळे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतके वाढले, की तिथल्या लहान पक्ष्यांची अंडी-पिल्लं वाचवण्यासाठी सरकारांना त्यांच्याविरुद्ध मोहिमा काढाव्या लागतायत.

पंढरपुराने त्याला वेगळी जागा दिली आहे. ज्ञानेश्वरांच्या एका विरहिणीत पंढरीच्या राण्याच्या येण्याचा शकुन कावळाच सांगतो आणि त्याचे पाय सोन्याने मढवायचा वायदा होतो. लता मंगेशकरांच्या आवाजात ती घराघरांत पोचलीय. कायद्याचं बोलायचं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हाच पक्षी उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलेला होता, म्हणजे मारला तरी गुन्हा नव्हता. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. मधली पन्नास वर्षं आपण घाटावर त्याला हात जोडत होतो, आणि कागदावर तो घुशीच्या शेजारी होता.

संध्याकाळी पुन्हा घाटावर येतो तेव्हा पंगत उठलेली आहे. पायऱ्यांवर जे उरलंय ते बघवत नाही. खिरीने माखलेल्या पिशव्या, थर्माकोलच्या वाट्या, प्लास्टिकचे द्रोण. एक कावळा पिशवी पायाखाली दाबून आतला भात ओढतोय, भाताबरोबर पिशवीचा तुकडाही जातोय. पलीकडे कुत्रं वड्यांच्या ढिगावर बसलंय. दोन कावळे त्याच्याकडे आले आहेत. एक समोर नाचतो, दुसरा मागून शेपूट ओढतो. कुत्रं गर्रकन वळतं आणि समोरचा कावळा वडा घेऊन पसार होतो. वडा होडीवर गेल्यावर दोघे वाटून खातात का, हे बघायला मी मान लांब करतो. वाटून वगैरे काही नाही. भांडण होतं, आणि वडा नदीत पडतो.

सूर्य कलला की घाट रिकामा होतो. तुकड्यातुकड्याने कावळे गावाबाहेरच्या मोठ्या झाडांकडे निघतात. रात्री ते एकत्र झोपतात आणि त्यासाठी त्यांना उंच, दाट झाड लागतं. पालखी मार्ग रुंद करताना रस्त्याकडेची जुनी वडाची झाडं गेली. चौपदरी रस्त्यावरून वारी सुखाने येईल, पण त्या रस्त्यावर घरटं बांधता येत नाही. पिंडाला कावळा मिळत नाही अशी तक्रार शहराशहरांतून ऐकू येते, तिचं एक उत्तर इथेच सापडेल.

तर पुढच्या पितृपंधरवड्यात पान ठेवलंत, की दहा-पंधरा पावलं मागे व्हा. मोबाइल खिशात ठेवा, नजर खाली ठेवा आणि त्याला वेळ द्या. पान पळसाचं किंवा केळीचं घ्या, पिशवी घरी परत न्या. गावात वड-पिंपळ तोडायची नोटीस झाडाला चिकटवलेली दिसली तर नगरपालिकेत लेखी हरकत द्या. तशी सोय 1975 च्या झाडांच्या कायद्यात आहे. आणि कुठे कावळे मरून पडलेले दिसले तर हात न लावता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जानेवारी 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला बर्ड फ्लू आल्याचं सगळ्यांत आधी कळलं, ते मेलेल्या कावळ्यांवरूनच.